माझ्या पोटातला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. रस्त्याच्या कडेला तोंड वासून उभी असते ती लाल पेटी मी नव्हे, एवढा गैरसमज आधीच दूर करते. मी कुवेतमधल्या एका टपालघराच्या भिंतीतली, वीतभर रुंद आणि हातभर खोल, कुलपाची पेटी आहे. क्रमांक चव्वेचाळीस सतरा. आमच्याकडे ज्याला पत्र हवं त्याने पेटी घ्यायची, किल्ली खिशात ठेवायची आणि आपलं आपण येऊन पत्र न्यायचं, अशी रीत होती. मागच्या उघड्या बाजूने टपालघरातली माणसं पत्र सरकवत आणि पुढून मालक दार उघडत. मागे एक हात आणि पुढे एक चेहरा, एवढंच माझं जग होतं.

आज मी शहराबाहेर अम्गरा इथल्या भंगाराच्या आवारात पडले आहे. माझ्या एकोणसाठ बहिणी माझ्यासोबत एकाच चौकटीत जखडलेल्या आहेत. आवाराच्या त्या टोकाला पत्रा दाबायचं यंत्र आहे. त्याचा आवाज रोज थोडा जवळ येतो. जन्मभर मी लोकांच्या गोष्टी पोटात ठेवल्या आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट पोटात ठेवून मला जायचं नाही. ती ऐका.

मी १९७१ सालची. पत्र्याचा एक तुकडा चार ठिकाणी दुमडला, त्याची दोन टोकं डाव्या कडेला एकमेकांत अडकवून शिवण घातली, पुढे पितळी आकड्यांचं दार बसवलं, की झाले मी तयार. ती डावी शिवण तेवढी लक्षात ठेवा. पहिली चार वर्षं मी एका मास्तरांकडे होते. त्यांना महिन्याला एखादं पत्र येई आणि मी कंटाळून जाई. मग १९७५ साली दिनकर पेडणेकर आले, आणि माझे दिवस पालटले.

दिनकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. इथे एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. त्यांची बायको कुसुम एका दवाखान्यात नर्स होती आणि दोघं रुमैथियात राहत. पेटी त्यांच्या नावावर, पण पत्रं सगळ्या गोतावळ्याची. पाकिटावर 'केअर ऑफ पेडणेकर' लिहिलं की तेलकंपनीतल्या इंजिनियरचं पत्र माझ्यात आणि जहऱ्याच्या दुकानातल्या कारकुनाचंही माझ्यातच. "पेटी कसली, धर्मशाळा आहे माझी," असं दिनकर म्हणायचे आणि म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? शेजारच्या रिकाम्या बहिणींसमोर मी थोडा तोराही मिरवला.

माझ्या मागच्या बाजूला रबिया असायची. पत्रं लावायचं काम तिचं. तिचा हात इतका चपळ होता की पत्र कधी आलं ते मला आत पडल्यावरच कळायचं.

दुसऱ्या वर्षी कुसुमवहिनींनी एकदा दार उघडलं आणि त्यांचा हात तसाच थांबला. आत एक साधं पोस्टकार्ड होतं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता. वहिनींनी ते तिथेच उभ्याने वाचलं, पदराने डोळे पुसले, कार्डाचे बारीक तुकडे केले आणि कोपऱ्यातल्या टोपलीत टाकले. त्यांना लहानाचं मोठं करणारी आत्या, ठकूबाई, गावी वारली होती. काय झालं म्हणून रबिया मागच्या दाराने बाहेर आली, तेव्हा सोबत आलेल्या दिनकरांनी तिला मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं.

"आमच्यात कुणी गेलं की पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. हातात घेतल्याबरोबर कळावं म्हणून. असलं पत्र घरात नेत नाहीत."

रबियाने वहिनींच्या पाठीवरून हात फिरवला आणि "अल्ला यरहमहा", देव तिच्यावर दया करो, असं म्हणाली. मी ही रीत तेव्हा पहिल्यांदा ऐकली. माझ्या काही कामाची ती असेल असं मला वाटलं नाही.

मग १९७७ साली त्साई आले. एका अमेरिकन कंपनीने इस्पितळांना एक्स-रेची यंत्रं विकली होती आणि ती दुरुस्त करायला आपला इंजिनियर इथे ठेवला होता. तो हा त्साई. चाळिशीचा, चष्मा लावणारा, बोलण्याआधी घसा साफ करणारा माणूस. दिनकरांच्या खोलीतलं यंत्र सारखं बिघडे, त्यामुळे दोघांची दोस्ती झाली. कुसुमवहिनींच्या जिभेला 'त्साई' काही जमेना. त्यांनी त्यांना 'साईभाऊजी' करून टाकलं. तेही मग त्यांना 'वहिनी' म्हणू लागले. एका गुरुवारी दुपारी तिघं माझ्यासमोर उभे राहिले, आणि त्साईंनी विचारलं की तुमच्या पेटीवर माझं एक पत्र येऊ द्याल का, चीनमधून.

"तुम्ही चिनीच ना, साईभाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "मग चीनचं पत्र तुमच्याच पत्त्यावर मागवा की."

"मी चिनी आहे, वहिनी. पण त्या चीनचा नाही. मी तैवानचा."

"म्हणजे चीन दोन आहेत?"

"ते विचारू नका. तिकडे विचारलं तर म्हणतात एकच आहे. आमच्याकडे विचारलं तरी म्हणतात एकच आहे. भांडण त्याचंच तर आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं गाव चीनच्या किनाऱ्यावर, शियामेन शहराजवळ. समोर खाडीपलीकडे किनमेन नावाचं बेट. हवा स्वच्छ असली की या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावरची घरं दिसत. १९४९ साली ते तेरा वर्षांचे होते. आईने त्यांना सुकी मासळी देऊन होडीने बेटावर मावशीकडे पाठवलं. "मावशीकडून शेंगदाण्याच्या तेलाची बाटली आण आणि संध्याकाळपर्यंत परत ये," असं ती म्हणाली. त्याच आठवड्यात चीनमधल्या यादवीची रेषा नेमकी त्या खाडीत येऊन थांबली; किनारा चीनकडे गेला, बेट तैवानकडे राहिलं. होड्या बंद झाल्या. पुढल्या वर्षी अमेरिकेचं आरमार मध्ये येऊन उभं राहिलं, आणि ती संध्याकाळ काही आली नाही.

"बाविसाव्या वर्षी मला त्याच बेटावर शिपाई म्हणून नेमलं," त्साई म्हणाले. "तोफ अमेरिकेची, डब्यातलं मटण अमेरिकेचं, दुर्बीणही अमेरिकेची. आणि दुर्बिणीत घर माझं. तिकडून एक दिवसाआड तोफा डागायचे. मग इकडून आम्ही. एकदा एक बाई कपडे वाळत घालताना दिसली. आई असेल, नसेलही."

दिनकरांनी विचारलं, "अमेरिकेचा राग येत नाही तुम्हाला?"

त्साईंनी घसा साफ केला. "ती मध्ये उभी राहिली म्हणून आम्ही जगलो, दिनकर. आणि ती मध्ये उभी राहिली म्हणून मी घरी गेलो नाही. यातल्या कुठल्या अर्ध्याचा राग करू?"

तैवानच्या लोकांना चीनमध्ये पत्र लिहायला बंदी होती. कळलं तर शत्रूशी संधान बांधलं म्हणून धरत. तैवानच्या राजधानीत, तैपेईत, त्यांची बायको आणि मुलगी होती, त्यांच्यावर बालंट आलं असतं. म्हणून पाकिटावर नाव दिनकरांचं आणि पेटी माझी, असा बेत ठरला. तेलकंपनीतल्या राजन नावाच्या इंजिनियरला याचा सुगावा लागला, तेव्हा त्याने माझ्यासमोरच दिनकरांना झापलं.

"चीनची पत्रं तुमच्या नावावर? आपली त्यांच्याशी लढाई झालीय, विसरलात काय? आपल्या वकिलातीत कळलं तर पासपोर्ट अडकवतील."

"लढाई सरकारांची झाली, राजन. ही बाई पंच्याहत्तरीची आहे," दिनकर म्हणाले आणि त्यांनी मला कुलूप लावलं. त्या दिवशी मला माझ्या मालकाचा फार अभिमान वाटला.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या अंतर्देशीय पत्रासारखंच, एकाच निळ्या कागदाची घडी घातलेलं. आईला लिहिता येत नव्हतं. गावातल्या शाळामास्तरांकडून ती लिहवून घेई आणि पत्र बंद झालं की बाहेरच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात लाल शाईचा आपला अंगठा उमटवी. त्साईंनी पत्र फोडलं नाही. आधी त्या लाल अंगठ्यावर आपला अंगठा टेकवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. नंतर वाचलं. वाचून झाल्यावर वहिनींना म्हणाले, "ती विचारते, तेलाची बाटली मिळाली का?" वहिनी हसल्या आणि मग रडल्या.

वर्षभरात अशी तीन पत्रं आली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात अंगठा होता. प्रत्येकात 'ये' असं लिहिलेलं होतं. दिनकर म्हणायचे, हाँगकाँगमार्गे गुपचूप जाऊन या, कुणाला कळतंय? पण त्साई सावध माणूस. त्यांच्या कंपनीने त्यांना अमेरिकेच्या कचेरीत बदली देऊ केली होती. तैपेईतल्या अमेरिकन वकिलातीत त्यांचा अर्ज होता. "एकदा अमेरिकेचे कागद हातात आले की दोन्हीकडचे दरवाजे उघडतात," ते म्हणत. "मग उजळ माथ्याने आईकडे जाईन. अमेरिका आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही."

आता माझ्या स्वतःच्या दुखण्याकडे येते. १९७८ च्या उन्हाळ्यात दिनकरांची किल्ली हरवली. टपालघरात सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी दिली असती. पण दिनकर पडले खटपटे. त्यांनी मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि डाव्या कडेने मला उचकटलं. दार उघडलं, पण माझी ती डावी शिवण आतून उसवली. पत्र्याची एक धारदार जीभ आत वळली आणि तिच्यामागे एक फट पडली. दिनकरांनी नवं कुलूप बसवलं, जिभेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हातोडी आणून ठोकतो कधीतरी." ते 'कधीतरी' काही उजाडलं नाही. आठवड्याभरात ते विसरलेसुद्धा. मला ती जीभ रात्रंदिवस टोचत होती, पण पेटीचं कोण ऐकतं?

डिसेंबरच्या एका शनिवारी सकाळी त्साई एकटेच आले. ते रबियाशी बोलले नाहीत, त्यांच्याकडे माझी किल्ली नव्हती, तरी माझ्यासमोर उभे राहिले. थोड्या वेळाने दिनकर धावत आले. त्यांनीही रेडिओ ऐकला होता. अमेरिकेने जाहीर केलं होतं की एक जानेवारीपासून ती बीजिंगच्या सरकारलाच चीन मानणार आणि तैवानशी असलेले राजनैतिक संबंध तोडणार.

"आमच्या साहेबाने मला बोलावून कॉफी पाजली," त्साई म्हणाले. "म्हणाला, तुला काही फरक पडत नाही. वकिलात बंद होईल, तिच्या जागी दुसरं काहीतरी ऑफिस निघेल, अर्ज तिकडे जाईल, थोडं थांब. एकोणतीस वर्षं थांबलोय, दिनकर. आणखी थोडं म्हणजे किती, हे त्याला विचारायचं राहिलं."

"आता काय करणार?"

"मार्चमध्ये रजा आहे. विमान हाँगकाँगपर्यंत. तिथून एक वाट तैपेईला जाते, एक आईकडे. यावेळी मी आईला सरळ विचारतो, येऊ का? मी आल्याने तुम्हाला गावात त्रास होणार नाही ना? ती हो म्हणाली तर अमेरिकेच्या कागदांची वाट बघणार नाही. जे व्हायचं ते होवो. तिचं उत्तर नाही आलं, तर मात्र गुपचूप बायको-मुलीकडे जाईन. उगाच त्यांच्या गळ्याला फास लावणार नाही."

जानेवारी गेला. फेब्रुवारी गेला. कुसुमवहिनी रोज दुपारी दार उघडायच्या आणि आधी निळं पत्र शोधायच्या. त्साई रोज इस्पितळात दिनकरांना विचारायचे. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, माझाही.

मार्च महिन्यातल्या त्या दिवशी टपाल खूप होतं. रबियाने पाच-सहा पत्रं एकदम माझ्यात सरकवली. त्यातल्या निळ्या पत्राचा खालचा कोपरा माझ्या जिभेवर अडकला. रबियाला घाई होती, तिने जोराने ढकललं. टरकन आवाज झाला. पत्र पुढे आलं आणि कोपरा मागे राहिला. तो घसरत फटीत गेला आणि माझ्या दोन पत्र्यांच्या मध्ये जाऊन बसला. त्यावर लाल अंगठा होता, मित्रांनो. मला तो थंड लागला होता. मी काय करू शकत होते? मी पेटी आहे. मला उघडता येतं आणि मिटता येतं, तेही दुसऱ्याच्या हाताने.

थोड्या वेळाने वहिनींनी दार उघडलं. निळा कागद दिसताच त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी पत्र हातात घेतलं, आणि ठकूबाईंच्या वेळी झाला होता तसाच चेहरा झाला. मला काय घडतंय ते कळलं. फाटका कोपरा. वहिनींनी पत्र उलटून पाहिलं, अंगठा शोधला. तो नव्हता. आई असती तर अंगठा असता, असंच त्यांच्या मनात आलं असणार.

त्यांनी दिनकरांना बोलावून आणलं. दोघं माझ्या दाराशी हळू आवाजात बोलत होते.

"अहो, म्हातारी गेली," वहिनी म्हणाल्या. "हे बघा. त्यांच्यातही आपल्यासारखंच दिसतंय."

दिनकरांनी पत्र हातात घेतलं, तसंच परत दिलं. आतली चिनी अक्षरं दोघांपैकी कुणाला वाचता येत नव्हती. आणि वाचायची गरज आहे असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. लहानपणापासून ज्यांनी हेच पाहिलं त्यांना कोपरा पुरेसा होता.

"चार दिवसांनी विमान आहे त्यांचं," दिनकर म्हणाले.

"आत्ता सांगू नका. परक्या मुलखात एकट्या माणसाला असली बातमी द्यायची नाही. बायको-पोरीजवळ जाऊ देत. परत आले की आपण दोघं बसून सांगू."

"आणि पत्र आलं म्हटलं, तर ते तिकडेच जातील. आई नाही तर जीव धोक्यात कशाला घालायचा?" दिनकरांनी किल्ली खिशात टाकली. "नाही आलं म्हणून सांगतो."

वहिनींना ते पत्र घरी न्यायचं नव्हतं. दुसऱ्याचं, म्हणून फाडायचंही नव्हतं. त्यांनी ते माझ्या अगदी मागच्या बाजूला उभं करून ठेवलं आणि दाराला हात जोडले. तुम्हाला सांगते, त्या दोघांइतकी मायेची माणसं मी माझ्या भिंतीसमोर पाहिली नाहीत. त्या मायेनेच पुढचं सगळं झालं.

चौथ्या दिवशी त्साई विमानतळावर जाता जाता आले. हातात बॅग होती.

"काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," दिनकर म्हणाले आणि किल्ली असलेला हात त्यांनी पाठीमागे नेला.

"एकदा उघडून दाखवाल?"

दिनकर म्हणाले, "सकाळीच पाहिलं मी."

त्साईंनी मान हलवली. मग माझ्या आकड्यांवरून बोट फिरवलं, चार, चार, एक, सात, आणि ते गेले. पत्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं. हाँगकाँगला उतरून त्यांनी तैपेईची वाट धरली.

ते दोन महिन्यांत परतायचे होते. तेरा महिने लागले. त्यांच्या सरकारने पासपोर्ट ठेवून घेतला, बाहेर कुणाला भेटता म्हणून चौकशा केल्या. अमेरिकन कंपनीने हात वर केले नाहीत, पण पत्र पाठवण्यापलीकडे काही केलंही नाही. अमेरिकेच्या नव्या ऑफिसात त्यांचा जुना अर्ज सापडला नाही.

मधल्या काळात, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, माझ्यात आणखी एक निळं पत्र आलं. रबियाने ते एकटंच, सावकाश ठेवलं. चारही कोपरे शाबूत होते. अंगठा नव्हता. वहिनींनी ते उजेडात धरलं आणि त्यांना हायसं वाटलं. "कुणा भाऊबंदाचं असेल, खुशालीचं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते पहिल्या पत्राशेजारी ठेवलं.

एप्रिल १९८० मध्ये त्साई परत आले. केस पांढरे झाले होते. तिघं पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले. दिनकरांनी सगळं मनाशी जुळवून आणलेलं होतं. आधी चांगलं पत्र द्यायचं, मग हळूच वाईट.

"हे घ्या, साईभाऊजी. घरचं पत्र आलंय तुमच्या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी चार कोपऱ्यांचं पत्र पुढे केलं.

त्साईंनी आधी अंगठा शोधला. नाही दिसला. मग पत्र फोडलं. थोडं वाचलं, आणि माझ्याखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

"आई गेली," ते म्हणाले. "मामेभावाने लिहिलंय. सप्टेंबरात."

दिनकर त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. "आम्हाला ठाऊक होतं, त्साई. तुम्हाला परदेशात एकट्याला सांगायचं नाही असं ठरवलं आम्ही. माफ करा. मार्चमध्येच कळलं होतं."

त्साईंनी चष्मा काढला. "मार्चमध्ये ती जिवंत होती, दिनकर."

वहिनींनी माझ्या मागच्या बाजूचं पत्र काढलं. त्साईंनी ते बसल्याबसल्याच उघडलं आणि इंग्रजीत एकेक ओळ सांगत गेले. मीही ऐकत होते.

'एक तारखेपासून तोफा बंद आहेत. इतकं शांत आहे की कान दुखतात. मामाच्या मुलाने कचेरीत विचारलं. ते म्हणाले, खुशाल येऊ द्या. आता कुणाची वाट बघू नकोस. मी रोज धक्क्यावर येऊन बसेन. तुला संध्याकाळपर्यंत ये म्हटलं होतं. फार उशीर केलास. तेल आणायला विसरू नकोस.'

दुसरं पत्र त्यांनी पुन्हा उचललं. त्यात लिहिलं होतं की ती मार्चपासून रोज धक्क्यावर बसायची. पावसातही ऐकायची नाही. तिथेच गारठली.

"हे का अडवलंत तुम्ही?" त्साईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"कोपरा," वहिनी म्हणाल्या. "कोपरा फाटलेला होता, भाऊजी. आमच्यात कुणी गेलं की..."

त्साईंनी तो फाटका कोपरा पाहिला. जिथे अंगठा असायला हवा होता तिथे त्यांचं बोट हवेत राहिलं. "आमच्यात कोपऱ्याला काही अर्थ नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "तो तुकडा कुठे आहे?"

तिघांनी जमिनीवर पाहिलं, टोपलीत पाहिलं. वर्षापूर्वीचा तुकडा कुठे मिळणार? माझ्या आत कुणी पाहिलं नाही. मी ओरडले असते, मित्रांनो. माझ्या बिजागरीला तेलाचा थेंब नव्हता, तिचा नुसता करकर आवाज झाला आणि दिनकरांनी सवयीने दार लोटलं. निघताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "मी एका आईचं बोलावणं अडवलं."

दुसऱ्या दिवशी दिनकरांना माझी वाकलेली कड आठवली आणि ते हातोडी घेऊन आले. आत हात घालून चाचपताना त्या जिभेने त्यांचं बोट कापलं, आणि माणूस जागच्या जागी थिजला. काय झालं असेल ते त्यांना तेव्हा कळलं. मग त्यांनी रडत रडत मला दोन ठोके मारले. दोनच. जीभ बसली, शिवण जुळली, फट मिटली. पावणेदोन वर्षं राहून गेलेलं काम एका मिनिटात झालं. पण त्या दोन ठोक्यांनी कोपरा माझ्या आत कायमचा बंद झाला, आणि हे मात्र त्यांना कळलं नाही.

आठवड्याने त्साई एकदा एकटेच आले. त्यांच्या विनंतीवरून रबियाने मागून हात घालून माझा तळ, माझ्या बाजू, सगळं चाचपलं. कुठे फट असती तर तिला लागली असती. "काही नाही," ती म्हणाली आणि रिकामे तळवे तिने त्यांना दाखवले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. दिनकर आणि वहिनी १९८५ मध्ये गावी परतले. वहिनी शेवटपर्यंत दार उघडताना आधी आतली डावी कड बोटाने तपासायच्या, मग पत्रं काढायच्या.

पुढे नव्या पेट्या आल्या आणि आम्हाला इथे आणून टाकलं. गेल्या हिवाळ्यात एक ट्रकवाला गाडीचं दार उघडं टाकून हिंदी बातम्या ऐकत होता. तैवानने आपल्या माणसांना समुद्रापलीकडे चीनमधल्या नातेवाइकांना भेटायला जायची परवानगी दिली, असं त्यात सांगितलं. ट्रकवाल्याने सिगारेट विझवली आणि स्टेशन बदललं. त्साईंच्या आईला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

मित्रांनो, मोठ्या देशांना मी काय सांगणार? ते खाडीत कधी येऊन उभे राहतात, कधी जातात, ते पेट्यांना विचारून ठरत नाही. तुम्हाला मात्र सांगते. घरातली एखादी कड वाकली, बिजागरी कुरकुरली, तर 'कधीतरी' म्हणू नका, त्याच दिवशी ठोकून घ्या. आणि दुसऱ्याचं पत्र तुमच्या हाती आलं, तर ते कसलंही दिसो, ज्याचं त्याला द्या. त्यात काय आहे ते तुम्ही ठरवू नका.

आणखी एक विनंती आहे, ती मात्र फक्त माझ्यासाठी. यंत्राचा आवाज आता दोन रांगांवर आला आहे. तुमच्यापैकी कुणी अम्गराकडे येणार असेल, तर हातात एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या. चव्वेचाळीस सतरा आकडा शोधा आणि मला दाबण्याआधी माझी डावी शिवण उघडा. आत निळ्या कागदाचा एक तुकडा आहे. त्यावरचा अंगठा अजून लाल आहे. तो त्साईंना पोचवा.